सशाची फिकीर

भुऱ्या आमच्या घरी आला तो एसटीत दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीवर बसून, आणि उतरायच्या आधी त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर मुतून. परभणीला दादांचे एक सोबती होते, तेही शिक्षकच. त्यांच्या परसात सशांचे पिंजरे होते आणि पिलं फार झाली होती. त्यातलं एक त्यांनी दादांना दिलं. परभणीहून सेलूपर्यंत आगगाडीत ते वेताच्या करंडीत गुमान बसलं, वरून दादांचा टॉवेल घट्ट बांधलेला. सेलूला दादा वालूरच्या गाडीत बसले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "गुर्जी, कोंबडी हाय का?" दादा म्हणाले, "ससा आहे." कंडक्टर थोडा वेळ तिकिटांच्या पेटीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सशाचं तिकीट कसं फाडायचं ते आपल्याला काय माहीत न्हाई. मांडीवर घ्या म्हंजे झालं." त्याला म्हणायचं होतं, करंडी मांडीवर घ्या. पण दादा सांगितलेलं तंतोतंत पाळणारे गृहस्थ. त्यांनी टॉवेल सोडला, ससा बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि वालूर येईपर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून ताठ बसून राहिले.

राखेत माती मिसळावी तसा त्याचा रंग. मला पांढरा ससा हवा होता, पण ते मी बोलले नाही. गल्लीतली पोरं कुंपणाशी जमली आणि म्हणाली, "ह्यो तर रानातलाच हाय की!" एकानं विचारलंच, "गुर्जी, कवा कापायचा?" दादांनी त्याला जवळ बोलावलं, पाळीव ससा आणि रानातला ससा यांतला फरक शांतपणे समजावून सांगितला. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. पण कवा?"

ससा आणला होता माझ्यासाठी. त्या वर्षी मला मुदतीचा ताप आला होता. मी अकरा वर्षांची होते. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. डोक्यावरचे केस मूठमूठ हातात आले. माझ्या आधीची दोन लेकरं मायच्या पदरात राहिली नव्हती, त्यामुळं त्या दिवसांत ती जमिनीवर झोपलीच नाही, माझ्या बाजेला पाठ लावून बसून राहायची, असं दादा पुढं सांगायचे. पावसाळ्याच्या तोंडाला मी उठून बसले. ताप माझ्या अंगातून गेला, पण घरातून गेला नाही. पाणी उकळून, फडक्यानं गाळून, झाकण घालून वेगळ्या तांब्यात. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर, मग बाहेर घामाच्या धारा का लागेनात. शाळा बंद. दादा स्वतः शाळेत शिक्षक, आमच्या दोन खोल्या शाळेच्या पाठीमागं, पण मला वर्गात पाठवायची छाती दोघांनाही होईना. मधल्या सुट्टीत पोरी लंगडी खेळायच्या ते मी खिडकीच्या गजांतून बघायची. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, तो ठणठण वाजला की मायचा हात आपोआप माझ्या कपाळावर यायचा. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. सकाळी मायच्या जात्याची घरघर, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग पलीकडच्या वाडग्यातून मेंढरांचं बें-बें. संध्याकाळी दिवा लागला की तसबिरीपुढं अगरबत्ती लावून आम्ही त्रिशरण म्हणायचो. दादांचा आवाज खणखणीत, मायचा पुटपुटता, माझा मधेच. जेवायला ज्वारीची भाकर आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजून कुटून ठेवलेला मसाला. तो आमटीत पडला की वास शाळेपर्यंत जायचा. तो वास मला पोटभर मिळायचा, आमटी मात्र नाही. माझ्या वाट्याला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं नाही तर मऊ भात. माडगं मला आजही खाववत नाही.

वाडगं होतं भागामावशीचं. धनगराचं घर, दोन्ही घरांच्या मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मावशीचा नवरा दिवाळीनंतर मोठा कळप घेऊन दूर चराईला जायचा, महिनोन्महिने यायचा नाही. लंगडी, गाभण, नुकती व्यालेली मेंढरं मावशी घरी राखायची. उंच, वाळकी बाई, खांद्यावर काळी घोंगडी, गालात तंबाखू. मायशी तिचं रोज बोलणं व्हायचं, पण कुंपणावरून. कधी दूध द्यायची, तेही वरून धार धरून. तिचं भांडं आमच्या भांड्याला लागायचं नाही. मला वाटायचं, उंच आहे म्हणून वरून ओतते. मायला माहीत होतं, आणि माय गप्प बसायची.

तर अशा घरात भुऱ्या आला आणि पहिल्याच दिवशी माझ्यासारखाच लाडात पडला. दादांनी सुंदर अक्षरात वेळापत्रक लिहून भिंतीला डकवलं: सशाची दिनचर्या. सहाला उठवणे, साडेसहाला दूध, आठला अंग पुसणे, अशा ओळींवर ओळी. माझ्या तापाची नोंद ठेवायला आणलेली वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात आता भुऱ्यानं काय खाल्लं, किती लेंड्या टाकल्या याची नोंद सुरू झाली. चहाचं लाकडी खोकं चुलीजवळ ठेवलं, आत वाकळेचा तुकडा. गवतात जंतू असतात म्हणून गवत धुऊन, वाळवून, चिमूटभर. बाकी दुधात कुस्करलेली भाकर, गुळाचा खडा, भाजलेले शेंगदाणे, आणि माझ्यासाठी आणलेल्या बिस्किटांतलं अर्धं. मी दिवसभर खोक्याशी बसून राहायची. तो डोळे उघडे ठेवून झोपायचा, तर मला वाटायचं झोपतच नाही. नाक सारखं हलवायचा, तर वाटायचं श्वास पुरत नाही. एकदा पहाटे तो वळून स्वतःच्याच बुडाखालच्या मऊ लेंड्या तोंडानं उचलून खाताना दिसला. मी मायला हाक मारली, मायनं दादांना, आणि दादांनी त्याच दिवशी परभणीच्या सोबत्याला पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं: "ससे ते खातातच, खाल्लंच पाहिजे. कशाचीही चिंता नसावी. घरी सर्वांना नमस्कार." दादांनी कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "फार सहज लिहिलंय त्यांनी."

मागच्या महिन्यात माझ्या नातीनं ससा आणला. सकाळपासून ती मोबाइलमध्ये बघून मला विचारत असते, आजी, याचे कान गरम आहेत, आजी, हा कोपऱ्यात का बसलाय, आजी, हा खूश आहे का. मी तिला म्हणते, बस इथं, तुला एका बाईची गोष्ट सांगते. ती बसत नाही. तिला सशाकडं बघायचं असतं. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं.

दिवाळी होऊन गेली होती. रविवारी माय मला कडुनिंबाचा पाला घातलेल्या गरम पाण्यानं न्हाऊ घालायची. त्या रविवारी पाणी उरलं आणि तिला वाटलं, लेकरासंगं ह्यालाबी घालावं, अंगावर काही किडा-पिसू असेल तर जाईल. तिनं बिचारीनं मायेनंच केलं. पाण्यात घातल्याबरोबर भुऱ्या लाकडासारखा झाला. धडपडला नाही, ओरडला नाही, डोळे मात्र वटारले. मग टॉवेलात गुंडाळून चुलीसमोर धरला, पुसला, पुन्हा पुसला. ओला ससा किती लहान असतो ते मला त्या दिवशी दिसलं. संध्याकाळी त्याला बरं वाटावं म्हणून मायनं दूध-भाकरीत गूळ जास्तच घातला.

सोमवारी सकाळी वाटी तशीच. वाकळेवर एकही लेंडी नाही. तो अंग आखडून कोपऱ्यात बसला होता आणि दात एकमेकांवर हळूहळू घासत होता. तो आवाज मला अजून आठवतो, पाटीवर बारीक खडा ओढावा तसा. कान गार. दादांनी वहीत काही लिहायला घेतलं आणि काहीच न लिहिता वही मिटली. मग गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर गुरुवारी यायचे होते. तिथला कंपाउंडर भला माणूस, तो म्हणाला, "गुर्जी, बैल असता तर काही सांगितलं असतं. सशातलं मला काही कळत न्हाई, खोटं कामून बोलू?" दादा परत आले आणि त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. माझ्या तापानंतरची ती त्यांची पहिली रजा. कारण काय लिहावं यावर बराच वेळ गेला. खोटं लिहायचं नव्हतं आणि ससा असं लिहायचा धीर होत नव्हता. शेवटी लिहिलं, "घरी आजारपण असल्यामुळे."

आम्ही तिघं खोक्याभोवती बसलो. माय वाटी पुढं करायची, दादा ती दुसऱ्या बाजूला ठेवायचे, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. मला रडू फुटलं ते जरा मोठ्यानंच फुटलं असणार, कारण कुंपणापलीकडून भागामावशीचा आवाज आला.

"काय झालं गं इमल? कामून रडायलीस?" माझं नाव विमल, पण ती कायम इमलच म्हणायची.

"भुऱ्या खाईना मावशी. मरायलाय त्यो."

मग काट्याची एक फांदी बाजूला ओढल्याचा आवाज झाला आणि मावशी आमच्या अंगणात आली. दाराशी आल्यावर थांबली. उंबऱ्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, वहाणा काढल्या आणि आत आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकत होती. मायच्या हातात वाटी होती, ती तशीच हातात राहिली.

मावशी खाली बसली. भुऱ्याच्या पोटाखाली तळवा घातला, कोकराला चाचपतात तसा. तोंडाचा वास घेतला. "पोट गच्च हाय," ती म्हणाली. "काय काय घातलंत ह्याला?"

माय चोरी पकडल्यासारखी सांगायला लागली. "दूध-भाकर. गूळ. शेंगदाणे घालताव. सांजच्याला बिस्किट."

"आन् गवत?"

मग दादा घसा साफ करून म्हणाले, "गवतात जंतू असतात, म्हणून धुऊन, वाळवून, थोडं थोडं..."

मावशीनं दादांकडं मान वाकडी करून बघितलं. "गुर्जी, गवत खाणारं जितराब हाय ते. तुमी त्याला जावई करून बसवलंय की वो!" आणि ती तंबाखूचे दात दाखवत हसली. आम्ही कोणी हसलो नाही. "आन् हे अंग कामून असं ओलसर लागायलंय?"

"न्हाऊ घातलं," माय म्हणाली.

"आता गं बाई," एवढंच मावशी म्हणाली.

मी विचारलं, "मरंल का मावशी?"

तिनं मला खोटा धीर दिला नाही. "मरंल बी, न्हाई बी मरायचा. म्या काय सांगू? पोट मोकळं झालं तर जगंल. आन् पोट मोकळं व्हायचं तर त्याची भीती जायला पायजे. तुमी तिघं त्याच्या तोंडावर वाकून बसलाव. माज्या मेंढरावर असं कोणी वाकून बसलं तर तेबी चारा सोडंल. उठा आता. उठा, उठा."

आम्ही उठलो. पुढचा सगळा कारभार मावशीनं हातात घेतला. वाकळ बाहेर भिरकावली. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीच्या सावलीला फुटक्या रांजणाचं खापर आडवं ठेवायला लावलं, म्हणजे त्याला लपायला बीळ होईल. आत वाडग्यातलं वाळलेलं गवत अंथरलं, शेजारी मातीच्या परळात साधं, न उकळलेलं पाणी. भुऱ्याच्या पोटावरून अंगठ्यानं दोन-चारदा हलकेच चोळलं आणि त्याला खाली सोडलं. तो फरपटत आत गेला आणि दिसेनासा झाला. "आता ह्याला ओढ्याकाठची हरळी पायजे," मावशी म्हणाली. "इमल येईल माज्यासंगं."

"ती न्हाई यायची," माय पटकन म्हणाली. "तिला ऊन लागंल."

"थंडीतलं ऊन ते. त्याला काय भ्यायचं?"

"धाप लागंल तिला."

"लागली तर बसंल."

मायनं दादांकडं बघितलं. दादा खापराकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. कानटोपी, स्वेटर, खाली काटक्यांसारखे पाय. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. "जाऊ दे तिला," ते म्हणाले, आणि लगेच, "विमल, हळू चाल, घाम आला तर..."

"गुर्जी," मावशी म्हणाली, आणि दादा गप्प झाले.

शाळेच्या मागून गाडीवाट ओढ्याकडं उतरायची. तापाच्या आधी मी ती पळत उतरायची. त्या दिवशी दोनदा बसावं लागलं. मी बसले की मावशी पुढं जाऊन मेंढरांना हाकारायची, माझ्याकडं वळूनही बघायची नाही. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की कोणी बघत नसलं की धाप लवकर बसते. तुरीला फुलं आली होती, पिवळीजर्द. पलीकडं कापूस वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या. कानटोपी मी कधी काढली ते आठवत नाही, परतताना ती मावशीच्या कमरेला खोचलेली होती. तिनं मला विळा दिला आणि हरळी कशी मुळाच्या वर धरून कापायची ते दाखवलं. "कवळं लुसलुशीत नको. हे चिवट हाय ना, हेच घे. चावून चावून खाईल." हात कापला नाही, पण तळव्याला फोड आला, आणि तो मी घरी गेल्यावर कोणालाही दाखवला नाही.

ओढ्याला पाण्याची बारीक धार उरली होती. प्यायचं पाणी हवं तर काठच्या वाळूत हातभर खड्डा उकरायचा, त्यात पाणी पाझरून येतं, त्याला आमच्याकडं झिरा म्हणतात. मावशीनं उकरलेल्या झिऱ्यात गढूळ पाणी साठलं, निवळलं, आणि ती ओंजळीनं प्यायली. मीही पालथी पडून तोंड लावलं. सहा-सात महिन्यांनी मी न उकळलेलं पाणी पीत होते. गार होतं, आणि त्याला वाळूची चव होती. हे मी घरी सांगितलं नाही. माय ऐंशीच्या घरात गेली तेव्हा एकदा कबूल केलं. माय शेंगा फोडत होती, तशीच फोडत राहिली आणि म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. तुज्या हनवटीला वाळू हुती." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

हरळीचा भारा डोक्यावर घेऊन मी अंगणात आले तेव्हा दादा सायकल उलटी करून बसले होते. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवली होती. माय खापराकडं पाठ करून तूर निवडत होती. निवडलेलीच तूर पुन्हा सुपात घेतली होती, हे मला नंतर कळलं. मावशीनं विचारलं, "बघितलं का त्याच्याकडं?"

"न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

गवत खापराच्या तोंडाशी ठेवून आम्ही बाजूला झालो. ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार असेल. बघायचं नाही, हे आमच्या घरात कोणाला येतच नव्हतं. माझे डोळे तिकडं वळायला लागले की मी चेनचे दुवे मोजायची. दादांना पाना सापडेना, आणि तो शोधायला ते सारखे त्याच कोपऱ्याकडं निघायचे. मावशी कुंपणाजवळ एका कोकराचा खूर साफ करत बसली होती. तिकडूनच ती म्हणायची, "गुर्जी, पाना तिकडं न्हाई." मग दादा परत यायचे. शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका झाला, सगळं शांत झालं. मायनं मला भूक लागली का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटल्यावर तिनं माडगं नाही, तव्यावरची भाकर आणि तिच्यावर आमटी दिली. ती कशी काय दिली, ते तिच्याही ध्यानात आलं नसावं. मी मुकाट्यानं खाऊन टाकली.

उन्हं तिरपी झाली तेव्हा दादांनी एकाएकी हात वर केला, वर्गात गडबड झाली की करायचे तसा. आम्ही कान दिला. खापरातून आवाज येत होता, कर्र, कर्र, कर्र. थांबला. पुन्हा, कर्र, कर्र. हरळीची एक काडी बाहेरून आत ओढली जात होती, थोडी थोडी करत दिसेनाशी झाली. मायनं तोंडाला पदर लावला. कोणी हललं नाही. बऱ्याच वेळानं मावशीनं मानेनं खूण केली तेव्हा दादा पाय न वाजवता गेले, उकिडवे बसले, आणि उठले तेव्हा त्यांच्या तळहातावर तीन बारक्या लेंड्या होत्या.

"पडल्या!" दादा ओरडले. "अगं, पडल्या!"

नेमका त्याच वेळी शाळेचा शिपाई फाटकात उभा राहिला. घरी आजारपण म्हटल्यावर मोठ्या गुरुजींनी त्याला चौकशीला पाठवलं होतं. "गुर्जी, इमलचं कसं हाय?" त्यानं काळजीनं विचारलं. दादांनी तळहात त्याच्यापुढं केला आणि म्हणाले, "उत्तम! पडल्या!" शिपायानं लेंड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं आणि नमस्कार करून निघून गेला. मग जे हसू आलं ते आवरेना. मी हसले, मावशी कोकरू धरून हसली, दादा हसता हसता सायकलवर टेकले तर सायकल पडली. माय हसत होती. तिचे दात इतके सरळ आहेत हे मी विसरून गेले होते.

मावशी हात धुऊन आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली. "गयाबाई," ती मायला म्हणाली, "चहा टाका की वो. सकाळपून घसा सुकलाय."

माय क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. मग आत गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशी काढली, धुतली, पुसली. चहा झाला. मावशीनं बशीत ओतला, फुंकला, आवाज करत प्यायली, उरलेलाही ओतून घेतला. "साखर जास्ती हाय," असंही म्हणाली. माय चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होती, मला वाटलं सरपण ओलं असेल. पुष्कळ वर्षांनी मायनंच सांगितलं की ससा जगला म्हणून तिला बरं वाटलं खरंच, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्या बशीकडं बघून. दुसऱ्या दिवसापासून मावशी दूध घालायची तेव्हा तिच्या चरवीची कड आमच्या पातेल्याला टण्णकन लागायची.

त्यानंतर भुऱ्याला पाळणं सोपं झालं. दादांनी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. गवत पुष्कळ, पाणी ताजं, ऊन टळेल एवढी सावली, लपायला खापर. मावशीनं एवढंच सांगितलं होतं आणि एवढ्यावर तो चांगला जाडजूड झाला. कान धरून उचलायचा नाही, आणि खरं तर उचलायचाच नाही, त्याला वाटलं तर तो येईल. यायचाही. दादा अंगणात वह्या तपासायला बसले की त्यांच्या चपलेचा अंगठा कुरतडायचा. कधी विनाकारण हवेत उडी मारून वळसा घ्यायचा आणि जणू काही झालंच नाही असा गवत खायला लागायचा. एका दुपारी तो माझ्या डोळ्यांदेखत धाडकन कुशीवर पडला, पाय ताणले, डोळे पांढरे केले. मी किंचाळले. माय परातीत पीठ मळत होती, तिनं दारातून डोकावून बघितलं. "ओरडू नको," ती म्हणाली. "खुशाल झोपलाय त्यो. झोपू दे." आणि पीठ मळायला आत गेली. मी बघतच राहिले, सशाकडं नाही, मायकडं.

तो पाच-साडेपाच वर्षं जगला. मी परभणीला शिकायला गेल्यावर म्हातारा होऊन गेला. दादांनी आणि मावशीनं त्याला ओढ्याकाठी पुरला. मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं नीट होतं, त्यात भीती नव्हती. नातीला हे सांगायचं आहे, पण सांगून कळायचं नाही.

त्या सोमवारनंतर मी रोज हरळी आणायला मावशीबरोबर जायला लागले. रोज म्हणजे आधी मायला विचारून, मग सांगून, मग नुसतंच. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी दादा शाळेला निघाले तेव्हा मीही दप्तर घेऊन त्यांच्या मागं चालायला लागले. कोणी काही ठरवलं नव्हतं. वर्गात पोरींनी माझे आखूड केस ओढून बघितले आणि जागा करून दिली. मधल्या सुट्टीत मी लंगडी घालायला उतरले आणि पहिल्याच डावात बाद झाले.

त्याच थंडीतली एक संध्याकाळ. मावशीच्या रानातल्या बोरीला बोरं लागली होती. आम्ही झाड हलवलं आणि मी पडलेली सगळी वेचून, न धुता, तिथंच बसून खाल्ली. ओच्यात भरूनही आणली. घरात शिरताना मला वाटलं, आता काही खरं नाही. बोरं म्हणजे खोकला, बोरं म्हणजे पोटदुखी. मायच्या भीतीच्या यादीत बोरं फार वरती होती. आणि नेमका ओचा सुटला. सगळी बोरं मायच्या पुढ्यात घरंगळली.

माय बाजेवर बसून माझा परकर शिवत होती. तिनं सुई थांबवली. "किती खाल्लीस?" तिनं विचारलं.

"लय," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तिचा हात उठला, माझ्या कपाळाच्या दिशेनं आला, आणि मधूनच खाली वळला. तिनं पायाशी आलेलं एक बोर उचललं, पदरानं पुसलं आणि तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं. बी हातात काढून अंगणात फेकली.

"गोड हाईत," माय म्हणाली. "उद्या जाशील तवा मला जास्तीची आण."